छोट्या हायब्रिड गाड्या अशा विचित्र का दिसायच्या, आणि रोजच्या वापराला त्या खरंच सोयीच्या आहेत का?

टोयोटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रियस ही आपली हायब्रिड गाडी नव्या रूपात दाखवली तेव्हापासून एक वाद थांबतच नाहीये. जिच्या दिसण्यावरून लोकांनी वीस वर्षं नाकं मुरडली त्याच गाडीला २०२४ मध्ये वर्ल्ड कार अवॉर्ड्समध्ये डिझाइनचा पुरस्कार मिळाला, आणि लगेच दुसरीकडून तक्रार सुरू झाली की दिसायला भारी केली पण मागे बसणाऱ्या उंच माणसाचं डोकं छताला टेकतं आणि मागच्या काचेतून नीट दिसत नाही. म्हणजे आधी सोयीची होती पण बरी दिसत नव्हती, आता दिसते पण सोय गेली, असं काहीसं. हे दोन्ही एकत्र का जमत नाही, आणि लहान गाडीत तर ते जास्तच अवघड का होतं, हे समजून घेतलं तर गाडी बघताना कुठे लक्ष द्यायचं ते आपोआप कळतं, म्हणून हा लेख.

आधी मुळापासून: हायब्रिड नेमकं काय करते

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली गाडी. पेट्रोल तुम्ही भरता, मोटरची बॅटरी गाडी स्वतःच चार्ज करते, प्लग लावायचा नसतो. (प्लग लावायची ती प्लग-इन हायब्रिड, तिची बॅटरी बरीच मोठी असते, तो विषय वेगळा, इथे नको.)

आता यात पेट्रोल वाचतं कसं? सामान भरलेली हातगाडी ढकलून बघा, जागेवरून हलवताना सगळा जोर लागतो आणि एकदा चाकं फिरायला लागली की तीच गाडी सहज पुढे जाते. कारचंही तसंच आहे, आणि पेट्रोल इंजिनाची पंचाईत अशी की त्याला नेमकं हे जागेवरून हलवायचंच काम नीट जमत नाही, कमी आरपीएमला, म्हणजे हळू फिरत असताना, त्यात दम नसतो, म्हणून तर क्लच आणि पहिला गिअर लागतो. मोटर मात्र पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. त्यामुळे सिग्नलवरून निघताना, ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या वेगाने सरकताना मोटर काम करते आणि इंजिन बंद असतं, मग वेग आला की इंजिन चालू होतं.

दुसरी गोष्ट ब्रेकची. साध्या गाडीत ब्रेक दाबला की तो सगळा वेग डिस्क आणि पॅडच्या घर्षणात उष्णता होऊन हवेत जातो, म्हणजे तुम्ही पेट्रोल जाळून कमावलेला वेग अक्षरशः वाया. हायब्रिडमध्ये तीच मोटर उलटी, जनरेटरसारखी चालते आणि त्या वेगाची वीज करून बॅटरीत परत टाकते. याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. यामुळे ब्रेक पॅडही साध्या गाडीपेक्षा बरेच जास्त टिकतात.

तिसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही पण मला ती सगळ्यात आवडते. सुरुवातीचा जोर द्यायला मोटर आहे म्हटल्यावर इंजिन कमी जोराचं पण कमी पिणारं बसवता येतं. जेम्स ॲटकिन्सनने १८८२ मध्ये मांडलेली एक पद्धत आहे, त्यात पेट्रोलचा स्फोट झाल्यावर पिस्टनला खाली ढकलला जाण्यासाठी जास्त अंतर मिळतं आणि त्यातून जास्त ऊर्जा काढून घेता येते, पण दम कमी पडतो म्हणून साध्या कारमध्ये ती फारशी वापरात आली नाही. हायब्रिडमध्ये ती कमतरता मोटर भरून काढते. चौथ्या पिढीच्या प्रियसचं इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांपर्यंत कामाला लावतं असं टोयोटाने सांगितलं होतं, पेट्रोल इंजिनासाठी हा आकडा खूपच चांगला आहे.

डिक्कीवर हायब्रिड लिहिलंय म्हणजे सगळ्या सारख्याच का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. माइल्ड हायब्रिड नावाचा एक प्रकार आहे, त्यात छोटीशी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, एकटी गाडी सहसा चालवू शकत नाही. सिग्नलवर इंजिन बंद होणं, पटकन आणि न हादरता चालू होणं, पिकअपला थोडी मदत, बस. ॲव्हरेजमध्ये फरक पडतो पण थोडा. पूर्ण हायब्रिडमध्ये मोटर एकटीने गाडी चालवू शकते. त्यातही काहींमध्ये इंजिन चाकांना जोडलेलंच नसतं, ते फक्त वीज बनवतं, जपानमध्ये २०१६ ला आलेली निसान नोट ई-पॉवर अशीच. दिसायला आणि बॅजवरून हे सगळं सारखंच वाटतं, म्हणून गाडी बघायला गेलात तर एकच प्रश्न विचारा, इंजिन बंद ठेवून ही फक्त मोटरवर चालते का?

मग ते विचित्र रूप आलं कुठून?

टोयोटाची पहिली प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आली, ती साधी चार दारांची सेडान होती. काहीशी बुटकी, गुबगुबीत, पण सेडानच. खरी वेगळी दिसली ती १९९९ ची होंडा इनसाइट. दोनच सीट, ॲल्युमिनियमची बॉडी, वजन साधारण साडेआठशे किलो, एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, मागची चाकं अर्धी झाकलेली आणि शेपटीकडे निमुळती होत गेलेली. तिच्याबद्दल लोकांची मतं टोकाची होती आणि अजूनही आहेत. मला ती सुंदर वाटते, कारण तिच्यावरची एकही रेघ उगाच नाही. पण दोन सीटच्या गाडीत घरातले चौघे मावत नाहीत हेही तितकंच खरं, आणि २००६ पर्यंतच्या सगळ्या काळात जगभरात मिळून साधारण १७ हजारच विकल्या गेल्या.

हा सगळा आकार हवेसाठी. गाडीला हवा किती अडवते हे मोजायचा एक आकडा असतो, ड्रॅग कोएफिशिएंट, जितका कमी तितकी गाडी हवेतून सहज जाते. पहिल्या इनसाइटचा तो ०.२५ होता, २००३ च्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसचा ०.२६, नंतर चौथ्या पिढीत ०.२४ पर्यंत आला. हवेला सगळ्यात आवडणारा आकार म्हणजे थेंबाचा, पुढे गोल आणि मागे लांब निमुळता. पण एवढी लांब शेपटी घेऊन गाडी पार्क कुठे करणार. जर्मनीत वुनिबाल्ड काम नावाच्या संशोधकाने १९३० च्या दशकात दाखवून दिलं की ती शेपटी मधेच सरळ कापून टाकली तरी बराचसा फायदा शिल्लक राहतो. प्रियसचं ते उतरतं छत आणि मागची एकदम उभी कापल्यासारखी डिक्की तिथून आलीये. २००९ ची दुसरी इनसाइट आली तेव्हा लोक म्हणाले होंडाने प्रियसची कॉपी केली, पण पाच माणसं बसवून हवेला कमीत कमी अडवायचं ठरवलं की दोन वेगवेगळे इंजिनियरही जवळपास त्याच आकाराला येऊन पोचतात.

फक्त हवेचंच कारण होतं का?

नव्हतं. होंडाची सिव्हिक हायब्रिड नेहमीच्या सिव्हिकसारखीच दिसायची, प्रियस मात्र लांबून ओळखू यायची, आणि अमेरिकेत गाजली ती प्रियस. तिथे २००७ मध्ये एका सर्व्हेत प्रियस घेणाऱ्या ५७ टक्के लोकांनी सांगितलं की गाडी घ्यायचं मुख्य कारण म्हणजे ती माझ्याबद्दल काहीतरी सांगते. म्हणजे मी पर्यावरणाचा विचार करतो हे न बोलता दिसावं. यात मला वाईट काही वाटत नाही, लोक गाडीतून नेहमीच स्वतःबद्दल काहीतरी सांगत आलेत, कोणी वेग सांगतं कोणी पैसा सांगतं. फक्त झालं काय, की विचित्र दिसणं हीच हायब्रिडची ओळख होऊन बसली, आणि ज्यांना कमी पेट्रोलची साधी गाडी हवी होती पण लोकांच्या नजरेत भरायचं नव्हतं ते लांब राहिले.

हवेचा फायदा एका ठिकाणी, हायब्रिडचा दुसऱ्याच

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण लहान गाडीचा सगळा निर्णय यावर ठरतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ४० च्या वेगाला जेवढा असतो त्याच्या चौपट ८० ला. शहरात ३०-४० ने जाताना हवा फारशी आडवी येत नाही, तिथे पेट्रोल जातं ते पुन्हा पुन्हा थांबून पुन्हा निघण्यात. आणि ते वाचवायचं काम मोटर आणि बॅटरी करतात. हायवेवर उलट, तिथे थांबणं नाही, ब्रेक नाही, म्हणजे परत मिळवायला वीज नाही, आणि हवा पूर्ण ताकदीने समोर उभी.

म्हणजे ते निमुळतं रूप हायब्रिड यंत्रणेला मदत करत नाही, ती जिथे कमी पडते तिथली बाजू सांभाळतं. मग जी लहान गाडी मुख्यतः शहरातच फिरणार तिला त्या रूपाची खरंच गरज आहे का? माझं स्पष्ट मत, नाही. शिवाय चार मीटरच्या गाडीत छत मागे उतरवायला लांबीच नसते, उतरवलं तर ते थेट मागच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्यावर येतं. म्हणूनच २०११ च्या शेवटी आलेली टोयोटा अ‍ॅक्वा, युरोपातली यारिस हायब्रिड, होंडा जॅझ, रेनॉ क्लिओ या साध्या हॅचबॅकसारख्याच दिसतात आणि तरी शहरात उत्तम ॲव्हरेज देतात. नुसतं बघून कळतही नाही की आत काय आहे, मला हीच या गाड्यांची खरी प्रगती वाटते.

होंडाने २०१० मध्ये सीआर-झेड आणली, ती दुसऱ्या टोकाचं उदाहरण. स्पोर्टी रूप, सहा गिअरची मॅन्युअल, हायब्रिड, दिसायला फार देखणी, आणि मागच्या सीट नावापुरत्या, अमेरिकेत तर त्याही नव्हत्या. वेगाच्या बाबतीत ती स्पोर्ट्स कार नव्हती आणि ॲव्हरेजच्या बाबतीत प्रियसच्या जवळपासही नव्हती, २०१६ मध्ये बंद झाली. चाहते अजून आहेत आणि ते का आहेत हे मला समजतं, पण रोजची गाडी म्हणून मी कोणाला सुचवणार नाही.

आणि दिसण्याची किंमत पेट्रोलमध्ये कशी मोजली जाते याचं अगदी ताजं उदाहरण म्हणजे ही नवी प्रियस. तशी ती आता लहान राहिलेली नाही, पण मुद्दा सगळ्यांना लागू होतो. अमेरिकेतल्या सरकारी आकड्यांनुसार १७ इंचाच्या चाकांवर ती लिटरला साधारण २४ किलोमीटर जाते, १९ इंचाची मोठी चाकं असलेलं वरचं मॉडेल साधारण २२. इंजिन तेच, मोटर तीच. मोठी चाकं दिसतात छान, पण ती जड असतात आणि खड्ड्यात धक्काही जास्त बसतो. लहान हायब्रिडमध्ये दोन पर्याय असतील तर डोळे झाकून लहान चाकं घ्या.

बॅटरी डिक्की खाते का?

कधी खाते, कधी नाही, आणि ती कुठे ठेवलीये यावर सगळं आहे. हायब्रिडची बॅटरी तशी लहान असते, छोट्या गाडीत साधारण एक किलोवॉट-तासाच्या आसपास, पूर्ण इलेक्ट्रिक छोट्या गाडीत ती चाळीस-पन्नास असू शकते. पण लहान गाडीत ती छोटी पेटी ठेवायलाही जागा शोधावी लागते. पहिल्या प्रियसमध्ये ती मागच्या सीटच्या पाठीमागे होती, त्यामुळे सीट दुमडायचीच नाही, लांब सामान न्यायचं तर प्रश्नच मिटला. नंतर ती डिक्कीच्या तळाखाली गेली आणि मग मागच्या सीटखाली.

यारिसमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली आहे म्हणून डिक्की २८६ लिटरचीच राहते, पेट्रोल असो की हायब्रिड. क्लिओमध्ये मात्र पेट्रोल मॉडेलपेक्षा हायब्रिडची डिक्की जवळपास ९० लिटरने कमी होते, म्हणजे दोन केबिन बॅगांची जागा गेली. जॅझमध्ये होंडाने पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली सरकवलीये, त्यामुळे मागच्या सीटची बैठक उभी दुमडता येते आणि एखादं उंच झाड किंवा सायकलसुद्धा सीटच्या जागी उभी मावते, डिक्की थोडी कमी झालीये पण वापरायला ही गाडी मला सगळ्यात हुशार वाटते. ब्रोशरमधला लिटरचा आकडा म्हणूनच अर्धीच गोष्ट सांगतो, तळ सपाट आहे का, सीट पूर्ण दुमडते का, सामान चढवताना किती उंच उचलावं लागतं हे डिक्की उघडून हाताने बघायचं. आणि हो, तळ उचलून स्टेपनी आहे का तेही बघा, बऱ्याच हायब्रिडमध्ये तिच्या जागी नुसतं पंक्चर किट असतं.

मागची काच हा दुसरा मुद्दा. दुसऱ्या प्रियसपासून मागच्या काचेत मधोमध एक आडवी पट्टी यायची, वर तिरकी काच आणि खाली उभी छोटी काच. इनसाइट आणि सीआर-झेडलाही तेच. ती खालची काच पार्किंगला उपयोगी, पण आरशात ती पट्टी नेमकी मागच्या गाडीच्या मधे येते. काहींना आठवड्यात सवय होते, काहींना कधीच होत नाही, त्यामुळे हे दुसऱ्याच्या मतावर सोडू नका.

"हायवेवर काहीच उपयोग नाही म्हणतात"

काहीच नाही असं नाही, पण शहराएवढा नाही हे खरं. वर सांगितलेलं कमी पिणारं इंजिन हायवेवरही कमीच पितं, आणि चढ-उताराचा रस्ता असेल तर उतारावर वीज परत मिळते. पण सपाट हायवेवर शंभरच्या वर एकसारखं जायचं असेल तर चांगल्या डिझेल गाडीसमोर लहान हायब्रिडचा फायदा जवळजवळ संपतो. तुमचं चालवणं बहुतेक असंच असेल तर निव्वळ पेट्रोल वाचवायला हायब्रिड घेऊ नका.

"ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं"

खरंय, आणि ही माझ्या मते सगळ्यात रास्त तक्रार आहे. टोयोटासारख्या यंत्रणेत गिअर बदलत नाहीत, दातेरी चाकांचा एक संच इंजिन आणि मोटरची ताकद वाटून देतो. त्यामुळे जोर मागितला की इंजिन थेट वरच्या आरपीएमला जाऊन तिथेच थांबतं, आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. लहान गाडीत इंजिनही लहान आणि आवाज अडवणारं मटेरियलही कमी, त्यामुळे चढावर ते जास्त जाणवतं. नव्या गाड्यांमध्ये मोटर ताकदवान झाल्यात म्हणून फरक पडलाय, पण पूर्ण गेलेलं नाही. हळू दाबत चालवणाऱ्याला हा आवाज क्वचितच ऐकू येतो.

याच्या उलट तक्रार म्हणजे गाडी इतकी शांत की पायी चालणाऱ्याला, आणि विशेषतः अंध माणसाला, कळतच नाही. ती भीती खरी होती, म्हणून आता युरोपात आणि अमेरिकेत नव्या हायब्रिडना फक्त मोटरवर कमी वेगात चालताना मुद्दाम आवाज करणं बंधनकारक आहे.

"बॅटरी गेली की संपलं"

ही भीती समजण्यासारखी आहे, मोबाइलची बॅटरी तीन वर्षांत दम सोडते मग गाडीची का नाही. फरक असा की मोबाइल आपण शंभर टक्के भरतो आणि शून्याला नेतो, हायब्रिड मात्र तिची बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामी होऊ देत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवते. म्हणून ती टिकते, आणि बऱ्याच कंपन्या तिच्यावर आठ वर्षं किंवा जास्त वॉरंटी देतात. पण एक गोष्ट लोक विसरतात, बऱ्याच मॉडेलमध्ये मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते, बॅटरी थंड ठेवायला हवा तिथून आत जाते. त्यावर पिशव्या, उशी, जॅकेट टाकून ठेवलं किंवा तिच्या फिल्टरमध्ये धूळ आणि कुत्र्याचे केस साचले तर बॅटरी तापते आणि तापणं हाच तिचा मोठा शत्रू आहे. जुनी हायब्रिड घेत असाल तर हे फिल्टर कधी साफ केलं ते विचारा, उत्तर काय मिळतं यावरून मालकाने गाडी कशी ठेवली ते बरंच कळतं.

शिवाय या गाडीत साधी १२ व्होल्टची बॅटरीसुद्धा असते आणि बऱ्याचदा रस्त्यात अडकवते ती हीच. मोठी बॅटरी व्यवस्थित असते, पण गाडी काही आठवडे उभी राहिली की ही छोटी उतरते, मग कॉम्प्युटरच चालू होत नाही आणि गाडी मेल्यासारखी पडते. लोकांना वाटतं हायब्रिड सिस्टिमच गेली. काही मॉडेलमध्ये ही छोटी बॅटरी डिक्कीत असते आणि वीज नसल्यावर डिक्की बटणाने उघडत नाही, त्यामुळे जंप स्टार्टसाठी, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला जोडून गाडी चालू करायला, बोनेटखाली वेगळा पॉइंट दिलेला असतो. तो कुठे आहे हे गाडी घ्यायच्या दिवशीच दाखवून घ्या.